क्रिएटिनिन १.९ आलंय, पण बाबांना काहीच त्रास नाही. आता काय करायचं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. बाबा ५८ वर्षांचे, शेती करतात, १२ वर्षांपासून शुगर आहे. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून घेतात. सहज केलेल्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून गाळून बाहेर टाकायचा कचरा, १.९ आलं. लघवी नीट होते, सूज नाही, शेतातलं काम चालू आहे, त्यामुळे घरात कुणाचा त्या रिपोर्टवर विश्वास बसत नाही. एका नातेवाइकाने किडनीचा काढा सुचवलाय, दुसऱ्याने रोज पाच लिटर पाणी प्यायला सांगितलंय. तुमचे प्रश्न दोन: डायलिसिस लागेल का, आणि लागलंच तर तुम्ही तुमची किडनी देऊ शकता का?

आधी ‘लघवी नीट होते’ याबद्दल, कारण याच एका वाक्यावर विसंबून लोक दोन-दोन वर्षं घालवतात. आपल्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात घेतात. बाहेर पडते ती दीड-दोन लिटर लघवी. गाळण्याचं काम पाव हिश्श्यावर आलं तरी लघवी तितकीच होऊ शकते, फक्त तिच्यातून शरीरातली घाण पुरेशी जात नाही. डायलिसिसवर असलेल्या कितीतरी रुग्णांना रोज लघवी होते. किडनी किती काम करते हे लघवीच्या प्रमाणावरून कळत नाही.

आता तो १.९ चा आकडा. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं, म्हणून एकच आकडा दोन माणसांत वेगळा अर्थ सांगतो. तीस वर्षांच्या तगड्या तरुणाचं क्रिएटिनिन १.२ असेल तर त्याची गाळण्याची क्षमता, म्हणजे रिपोर्टवर ‘ईजीएफआर’ म्हणून छापतात ती, ८० च्या वर भरते. सत्तर वर्षांच्या आजीचं तेच १.२ असेल तर ती पन्नाशीच्या खाली असते. लॅबच्या कागदावर मात्र दोघांचंही ‘नॉर्मल’ दिसू शकतं. म्हणून क्रिएटिनिन बघून थांबू नका, शेजारचा ईजीएफआर बघा. छापलेला नसेल तर लॅबकडे मागा. वय, स्त्री की पुरुष आणि क्रिएटिनिन एवढ्यावर तो निघतो. तुमच्या बाबांचा हिशेब केला तर तो ४० च्या आसपास येतो. ९० च्या वर चांगला, ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त राहिला तर जुनाट किडनीविकार, ३० ते ४४ म्हणजे तिसऱ्या टप्प्याचा उत्तरार्ध, १५ च्या खाली शेवटचा पाचवा टप्पा. बाबा मधोमध आहेत. म्हणजे उशीर झालाय, पण हातात अजून बरंच आहे.

तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टमध्ये मला जे दिसलं नाही, आणि जे सगळ्यात आधी हवं, ते म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनची मोजणी. तिला लॅबमध्ये एसीआर म्हणतात. किडनीतल्या चाळण्या खराब होऊ लागल्या की रक्तातलं प्रथिन लघवीत गळू लागतं. मधुमेहात हे बऱ्याचदा क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतं. माझं कळकळीचं म्हणणं हेच आहे: मधुमेही माणसाची ही तपासणी वर्षातून एकदा व्हायलाच हवी. आपल्याकडे लोक दर महिन्याला शुगर तपासतात आणि दहा-बारा वर्षांत एकदाही एसीआर करत नाहीत. साध्या लघवी तपासणीत ‘प्रोटीन निल’ लिहून आलं म्हणून समाधान मानू नका. त्या तपासणीतल्या पट्टीला सुरुवातीची गळती दिसत नाही. सकाळची पहिली लघवी द्या. ताप, लघवीचा संसर्ग किंवा आदल्या दिवशी अंगमेहनतीचं फार काम असेल तर तेवढे दिवस जाऊ द्या. ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू, ३०० च्या वर म्हणजे गळती मोठी आणि किडनी लवकर ढासळण्याचा धोका जास्त. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन वेळा वाढलेलं आलं तर ते पक्कं धरायचं.

दुसरं काम आजच करता येईल. कपाटातले जुने कागद काढा. दोन वर्षांपूर्वी कधीतरी क्रिएटिनिन केलेलं असेल, कुठल्या तरी ऑपरेशनच्या आधी, नाहीतर आरोग्य शिबिरात. तेव्हा १.७ असेल आणि आता १.९, तर आजार जुना आणि संथ आहे. तीन महिन्यांपूर्वी १.० असेल तर ही वेगळीच गोष्ट आहे, आणि तेव्हा महिनाभर वाट बघायची नसते, त्याच आठवड्यात दाखवायचं असतं. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी होणं, पेनकिलर, मुतखड्याने किंवा वाढलेल्या प्रोस्टेटने लघवीची वाट अडणं, पावसाळ्यात लेप्टो, घोणस किंवा फुरसं चावणं, या सगळ्यांत किडनी अचानक बिघडते आणि वेळेत उपचार मिळाले तर बऱ्याचदा सावरते. म्हणून सोनोग्राफीही करा. किडन्या आकसलेल्या दिसल्या तर आजार जुना असतो. मधुमेहात मात्र आजार जुना असूनही आकार चांगला दिसू शकतो, तेव्हा ‘सोनोग्राफी नॉर्मल’ यावर निश्चिंत होऊ नका. डोळ्यांचा पडदाही तपासून घ्या. मधुमेहाने किडनी खराब झाली असेल तर पडद्यावरही बऱ्याचदा खुणा सापडतात. पडदा अगदी स्वच्छ आणि लघवीतून प्रथिन मात्र भरपूर जातंय, किंवा लघवीत रक्तपेशी दिसतायत, असं असेल तर कारण मधुमेहापलीकडे शोधावं लागतं, आणि त्यासाठी कधीकधी किडनीची बायोप्सी करतात.

त्रास काहीच नाही असं तुम्ही म्हणता. तरी बाबांना नीट विचारा, कारण यातल्या काही गोष्टी माणूस वयावर ढकलतो. लघवी केल्यावर फेस येतो आणि तो बराच वेळ जात नाही का? रात्री दोन-तीनदा उठावं लागतं का? सकाळी पापण्या जड, संध्याकाळी चपलेचे वळ पायावर उमटतात का? सकाळी ब्रश करताना मळमळतं का? अंगाला खाज, तोंडाला चव नाही, चार पावलं चालून दम? शेवटच्या तक्रारी उशिरा येतात. किडनी हिमोग्लोबिन तयार करायला लावणारं संप्रेरकही बनवते, ते कमी पडलं की रक्त कमी होतं, आणि मग लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन वर येत नाही.

आणखी एक खूण अशी आहे की ती बघून घरचे लोक उलट आनंदी होतात. वर्षानुवर्षं न जुमानणारी शुगर अचानक आटोक्यात येते, इन्सुलिन कमी करावं लागतं, कधी पहाटे घाम येऊन शुगर ६० वर उतरते. घरात म्हणतात, पथ्याचा गुण आला. पण इन्सुलिनचा मोठा भाग किडनी शरीरातून बाहेर काढते. ती थकली की तेच इन्सुलिन रक्तात जास्त वेळ राहतं. शुगर कारणाशिवाय ‘सुधारली’ की क्रिएटिनिन तपासा. बाबा मेटफॉर्मिन घेत असतील तर ईजीएफआर ४५ च्या खाली डोस कमी करतात आणि ३० च्या खाली ती बंदच करतात. ग्लिबेनक्लामाइडसारखी जुनी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा. किडनी कमजोर असताना ती शुगर धोकादायक खाली नेते.

गुडघ्याच्या गोळ्या आजपासून बंद. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड, हे सगळे एकाच कुळातले. किडनीत रक्त नेणारी नस ही औषधं आवळतात. आधीच कमजोर किडनी, उन्हात दिवसभर काम, पाणी कमी आणि वर ही गोळी, असं जमलं की क्रिएटिनिन आठवड्यात दुप्पट होऊ शकतं. औषध दुकानात ‘दुखण्याची गोळी द्या’ म्हणून मागू नका. हाताशी पॅरासिटामॉल ठेवा, तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजन कमी करणं, शेक, गरज पडली तर सांध्यात इंजेक्शन, हे मार्ग आहेत. बाबांचं दुखणं खरं आहे आणि त्यावर उपाय मिळायलाच हवा, नाहीतर ते तुमच्या नकळत पुन्हा त्याच गोळ्या आणतील.

काढ्याबद्दल स्पष्ट सांगतो: देऊ नका. मी आयुर्वेदाविरुद्ध बोलत नाही. बाटलीत काय आहे हेच कुणाला माहीत नसतं, प्रश्न तो आहे. ज्या बाटलीवर घटक लिहिलेले नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, ती कमजोर किडनीच्या माणसाला देणं धोक्याचं आहे. भस्मांमध्ये शिसं आणि पारा सापडल्याचे प्रकार वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. ब्रसेल्समध्ये १९९० च्या दशकात वजन कमी करण्याच्या गोळ्यांत चुकीची वनस्पती मिसळली गेली, तिच्यातल्या अॅरिस्टोलोकिक आम्लाने अनेक बायकांच्या किडन्या कायमच्या गेल्या. केरळमधल्या डॉक्टरांनी अलीकडेच पारा असलेल्या गोरेपणाच्या क्रीममुळे लघवीतून प्रथिन जाणारे रुग्ण नोंदवले. तेव्हा घरात कुणी अशी बिनलेबलची क्रीम लावत असेल तर तीही फेका.

पाच लिटर पाणीही नको. पाण्याने किडनी धुऊन निघत नाही. मुतखडा असलेल्याला भरपूर पाणी प्यायला सांगतात, तो सल्ला ऐकून लोक तो सगळ्या किडनीविकारांना लावतात. बाबांना तहान लागेल तेवढं प्यायला सांगा, साधारण दोन-अडीच लिटर, उन्हात कामाला गेले की त्याहून जास्त. पुढे कधी सूज आली, दम लागला किंवा लघवी कमी झाली तर पाणी मोजून द्यावं लागेल, ते डॉक्टर सांगतील. शेतकऱ्याच्या बाबतीत उलटी चिंता जास्त असते: एप्रिल-मे महिन्यांत दुपारभर रानात आणि सोबत एकच बाटली. मध्य अमेरिकेत ऊसतोड मजुरांमध्ये किडनीचा जो विकार आढळला, त्याच्या कारणांमध्ये उन्हातली कष्टाची कामं आणि पाण्याची कमतरता हे पुढे आहेत. आपल्याकडचे ऊसतोड कामगार तसंच काम करतात. बाबांची कामं सकाळी लवकर आणि संध्याकाळी ठेवा.

आता औषधं. दोन गोष्टींनी किडनीचं ढासळणं खरोखर मंदावतं. एक म्हणजे ब्लडप्रेशर १३०/८० च्या आत ठेवणं, आणि त्यासाठी टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या गटातली एक गोळी, कारण ती लघवीतली प्रथिनगळतीही कमी करते. सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं. क्रिएटिनिन थोडं वाढतं, मूळच्या ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तरी गोळी बंद करत नाहीत. नेमक्या इथेच घोळ होतो. १.९ चं २.२ झालं की घरचे घाबरून स्वतःच गोळी बंद करतात आणि ‘त्या गोळीने किडनी बिघडली’ असं गावभर पसरतं. गाळण्यांवरचा दाब कमी झाला म्हणून आकडा तात्पुरता चढलेला असतो, आणि तोच दाब कमी होणं पुढची वर्षं वाचवतं.

दुसरी म्हणजे डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. ही मूळची शुगरची औषधं. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनचा मोठा अभ्यास आला आणि किडनीच्या रुग्णांमध्ये, मधुमेह असो वा नसो, आजार मंदावतो हे दिसलं. त्याच वर्षी भारतात त्याचं पेटंट संपलं आणि किंमत उतरली. एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२५ मध्ये संपलं. म्हणजे दोन्ही आता सामान्य घराला परवडणारी आहेत. एवढ्या कमी पैशात किडनीचं आयुष्य वाढवणारं औषध माझ्या उमेदीच्या काळात नव्हतं, म्हणून कुणाची तरी भीती ऐकून ते टाळू नका. लघवीच्या जागी खाज किंवा बुरशी होऊ शकते, तिथली स्वच्छता राखायची. आणि उपवास, उलट्या-जुलाब, ऑपरेशन असेल त्या दिवसांत ती गोळी थांबवायची. त्या दिवसांत टेल्मिसार्टनचं आणि मेटफॉर्मिनचं काय करायचं हेही डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून घ्या. आषाढी एकादशीला उपवास धरून गोळ्या मात्र सगळ्या घेतल्या, असं होता कामा नये.

ब्लडप्रेशर घरीच मोजा. दंडाला बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. पाच मिनिटं पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून बसायचं, आधी चहा-तंबाखू नाही. तंबाखू आणि मिश्री तर सोडायचीच. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी, साधारण ७ च्या आसपास ठेवतात. हृदयासाठी स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी, गोळीही बहुतेक लागेल, आणि ती किडनीचं औषध नाही म्हणून सोडू नका. तिसऱ्या टप्प्यातल्या रुग्णाला डायलिसिसपेक्षा हृदयविकाराची भीती जास्त असते.

जेवणात सगळ्यात आधी मीठ. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात भाकरीतलं, आमटीतलं, ठेच्यातलं सगळं आलं. लोणचं, पापड, फरसाण, खारवलेली मासळी, सुकट यांचं मीठ दिसत नाही, पण तेच सगळ्यात जास्त असतं. सैंधव हेही मीठच आहे. ‘लो सोडियम’ म्हणून मिळणारं मीठ तर आणूच नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टन घेणाऱ्या किडनीच्या रुग्णाला ते हृदयाची लय बिघडवण्याइतकं वाढू शकतं. डाळी, दूध, अंडी एकदम बंद करू नका. किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिन चालतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. प्रथिनं बंद करून रुग्ण वाळतो, मग क्रिएटिनिन कमी दिसतं आणि लोकांना वाटतं आजार उतरला, प्रत्यक्षात उतरलेले असतात स्नायू. केळी, शहाळं, संत्री, टोमॅटो, बटाटा यांवर बंधन रक्तातलं पोटॅशियम वाढलं असेल तरच घालायचं, उगाच आधीपासून नाही. एकच फळ मात्र पूर्ण बंद: करमळ, म्हणजे स्टार फ्रूट. कोकणात आणि गोव्यात परसात असतं, चटणीला वापरतात. त्यातलं विष निरोगी किडनी बाहेर टाकते, कमजोर किडनीला ते जमत नाही, मग न थांबणारी उचकी, भ्रम, फिट येते. बिंबलाचा रसही घेऊ नका, त्यातल्या ऑक्झॅलेटने किडनी बंद पडू शकते.

डायलिसिस लागेल का? तिसऱ्या टप्प्यातल्या बहुतेकांवर ती वेळ येत नाही. बाबांचं उत्तर एसीआरवर आणि दर वर्षी ईजीएफआर किती घसरतो यावर आहे. एसीआर कमी असेल आणि वर्षाला एक-दोन अंकच घसरण असेल तर पुढची पंधरा-वीस वर्षं डायलिसिसशिवाय जाऊ शकतात. एसीआर हजारात असेल आणि वर्षाला पाचाहून जास्त घसरण असेल तर लवकर हालचाल करायला हवी. दर तीन-चार महिन्यांनी क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन करा, शक्यतो एकाच लॅबमध्ये. ईजीएफआर ३० च्या खाली गेला की किडनीच्या डॉक्टरांकडे नियमित जायचंच, पण तुमच्या बाबांना मी आत्ताच एकदा दाखवायला सांगेन.

तयारीच्या तीन गोष्टी मात्र आतापासून. हेपेटायटिस बीची लस, कारण पुढे ती नीट लागू पडत नाही. डाव्या हाताच्या शिरा जपणं, म्हणजे सलाईन आणि रक्ताच्या सुया उजव्या हाताच्या पंजाच्या मागे टोचायला सांगायच्या. फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेली वाट, बहुधा डाव्या हातावर करतात आणि तो डायलिसिसला तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून शिरा आधीच खराब झालेल्या नकोत. आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं नीट करणं. डायलिसिस त्यात बसतं, प्रत्यारोपणालाही मदत मिळते. सरकारी जिल्हा रुग्णालयांमध्येही डायलिसिसची सोय आहे. ऐन वेळी रेशनकार्डावर नाव नाही म्हणून दोन आठवडे फिरणारी कुटुंबं मी बघतो, तेव्हा रुग्ण दम लागून बसलेला असतो.

तुमच्या किडनीबद्दल. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे मुलगी ही जवळची नातेवाईक आहे, तेव्हा कायद्याने तुम्ही देऊ शकता. पण आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत बायका जास्त असतात, आई, पत्नी, बहीण, मुलगी, आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. ते प्रेमाने होतं हे मला माहीत आहे, तरी त्या बाईला खरंच विचारलं गेलं का, हे मला दरवेळी विचारावंसं वाटतं. तुमच्यावर आत्ता कुणी कुठलाच दबाव आणू नये, आणि तुम्हीही स्वतःवर आणू नका. कधी गरज पडलीच तर मृत दात्याच्या किडनीसाठी प्रतीक्षायादीत बाबांचं नाव नोंदवण्याचा मार्गही आहे. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समित्या ती यादी सांभाळतात. आणि बाबांना मधुमेह आहे म्हटल्यावर तुम्हालाही तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे. दाता म्हणून विचार व्हायच्या आधी हे तपासलंच जातं, पण तुम्ही त्याची वाट बघू नका. या महिन्यात बाबांसोबत तुमचीही उपाशीपोटी शुगर, ब्लडप्रेशर आणि सकाळच्या लघवीचा एसीआर करून घ्या, भाऊ असेल तर त्याचाही.